साक्षीदार परत बोलावण्याचा ‘दिलासा’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलवरील संदेश सिद्ध करण्यासाठी दिवाणी दाव्यात साक्षीदाराला परत बोलावण्याविषयीचा कालच्या अंकातील लेख दोनदा वाचला. लेखक विद्वान आहेत यात शंका नाही. मात्र या परत बोलावण्याला ‘पक्षकारांना दिलासा’ म्हणण्यापूर्वी असा दिलासा पदरी पडलेल्या एखाद्या पक्षकाराला त्यांनी विचारले असते, तर बरे झाले असते. मी तसा एक पक्षकार आहे.

द्राक्षांच्या थकलेल्या पैशांसाठी मी केलेला वसुलीचा दावा २०१९ चा. व्यापाऱ्याने भाव, वजन आणि ‘आठ दिवसांत पैसे टाकतो’ हे सारे व्हॉट्सॲपवर स्वतः लिहिले होते, आणि त्या संदेशांच्या छापील प्रती आम्ही दाव्यासोबतच दाखल केल्या होत्या. हे संदेश आपले नाहीत, असे प्रतिवादीने कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, कोठेही स्पष्ट म्हटले नाही. ज्या फोनवर ते आले, तो फोन माझ्या साक्षीच्या दिवशी माझ्या सदऱ्याच्या खिशातच होता. पुकारा झाल्यावर शिपायाने तो बंद करायला लावला, एवढीच काय ती त्याची दखल. उलटतपासणी दीड तास चालली. तीत माझी बाग किती एकर, भावांत वाटणी कधी झाली, मागच्या हंगामात औषधांची उधारी किती होती, हे सारे विचारून झाले. ‘फोन दाखवा’ असे मात्र ना समोरच्या वकिलांनी म्हटले, ना आमच्या.

दोन्ही बाजूंनी पुरावा संपल्याच्या पुरसिस (लेखी निवेदने) दिल्या, आणि अंतिम युक्तिवादाच्या वेळी समोरच्या वकिलांना आठवले की प्रतींसोबत जुन्या साक्ष्य कायद्याच्या कलम ६५ब चे, इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या प्रतींना लागणारे, प्रमाणपत्र नाही. मग आमचा अर्ज, त्यावर त्यांचे म्हणणे, त्यावर युक्तिवाद, आणि सात तारखांनंतर आदेश झाला की वादीला परत बोलवावे व त्याने मूळ फोन सोबत आणावा. दरम्यान तो फोन नातवाच्या हातून शेततळ्यात पडला होता. तो मी आता प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेणार आहे. या वेळी बंद करायला सांगण्याची कोणाला गरज पडणार नाही.

लेखात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. प्रत मूळ संदेशाबरहुकूम आहे, हे प्रमाणपत्राने सांगायचे असते. संदेश पाठवला कोणी, हे साक्षीने. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे की, फोनचा मालक स्वतः साक्षीला उभा राहून मूळ फोनच हजर करत असेल, तर प्रमाणपत्र लागत नाही, आणि सुनावणी संपलेली नसेल तोवर ते प्रमाणपत्र दाखल करून घेण्याचा आदेशही न्यायालय देऊ शकते. संदेश पाठवणाऱ्याचा क्रमांक तर त्या व्यापाऱ्याच्याच पावतीवर छापलेला आहे आणि ती पावतीही दाव्यात दाखल आहे. मग मला परत पिंजऱ्यात उभे करून नवे काय निघणार?

साक्षीदाराला परत बोलावण्याचा दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश १८ नियम १७ हा न्यायालयाला पडलेल्या शंकेचे निरसन करण्यासाठी आहे, पक्षकारांच्या पुराव्यातील भगदाडे बुजवण्यासाठी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या वेलुसामी निकालात म्हटले आहे. तेथेही वाद फोनवरील संभाषणाच्या सीडीचाच होता आणि त्याच संहितेच्या कलम १५१ खाली (न्यायालयाच्या अंगभूत अधिकारात) पुरावा पुन्हा खुला करण्याची वाट न्यायालयाने मोकळी ठेवली, ती अपवाद म्हणून. लेखकमहाशय तिचा हमरस्ता करायला निघाले आहेत. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या साक्ष्य अधिनियमात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, पक्षकाराचा एक आणि तज्ज्ञाचा एक. त्यामुळे प्रती दाखल होतात त्याच दिवशी ‘कबूल की नाकबूल’ हे लिहून घेतले गेले नाही, तर पुढील काळात हे अर्ज किती वाढतील, याचा विचार लेखात यायला हवा होता.

जाता जाता आणखी एक. बेदाण्याच्या भावाविषयीचे माझे मागील पत्र आपण छापले, त्याबद्दल आभार. परंतु त्यातील एक ‘नाही’ गाळल्याने मी व्यापाऱ्यांची बाजू घेत असल्याचे गावभर झाले. त्या पत्राची प्रत माझ्याजवळ आहे. ते माझेच आहे आणि त्यात ‘नाही’ होते, हे सांगायला आपण परत बोलावलेत तर मी आपल्या कार्यालयात हजर राहीन.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, नाशिक
(दावा प्रलंबित असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)