साथीच्या आराखड्यात अपस्माराच्या रुग्णांचाही विचार व्हावा

महोदय,

17 नोव्हेंबर हा आपल्याकडे राष्ट्रीय अपस्मार दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने शिबिरे होतात, फलक लागतात आणि फिट आलेल्या माणसाला चप्पल किंवा कांदा हुंगवू नये, हे पुन्हा एकदा सांगितले जाते. ते सांगायलाच हवे. परंतु 2020 आणि 2021 मध्ये करोनाच्या काळात या रुग्णांचे जे हाल झाले, त्यांतून आरोग्ययंत्रणेने पुढच्या साथीसाठी लेखी स्वरूपात काय ठरवून ठेवले, हा प्रश्न मात्र त्या दिवशीही कोणी विचारत नाही. एका ग्रामीण रुग्णालयाच्या औषध खिडकीमागे ती दोन्ही वर्षे काढलेली निवृत्त औषधनिर्माण अधिकारी म्हणून मी तो आपल्या पत्रातून विचारू इच्छिते.

अपस्मार आहे म्हणून विषाणू त्या माणसाला आधी गाठतो, असे नाही. त्याला धोका असतो तो साथीमुळे विस्कटणाऱ्या दिनक्रमाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार आहे आणि वेळेवर निदान व योग्य उपचार मिळाले, तर त्यांपैकी 70 टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट थांबू शकतात. मात्र त्यासाठी गोळी रोज, ठरल्या वेळी आणि वर्षानुवर्षे पोटात जावी लागते. ती एकाएकी बंद झाली, तर एका फिटमधून शुद्धीवर येण्याआधीच दुसरी फिट सुरू होण्याची वेळ येऊ शकते आणि ही अवस्था जिवावर बेतते. त्यातच ताप, जागरण आणि मनावरचा ताण या तिन्हींनी फिट उसळते, आणि करोनाच्या घरात या तिन्हींचा मुक्काम होता.

25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा आमच्याकडचे बहुतेक रुग्ण महिन्याच्या गोळ्या नेणारे होते. एसटी बंद झाली. औषधांची दुकाने उघडी होती हे खरे, पण वाडीवस्तीवरच्या माणसाला तालुक्यापर्यंत पोहोचायचे तर नाक्यावर केस पेपर दाखवून पोलिसांची समजूत घालावी लागे आणि दुकानात गेल्यावर जुन्या चिठ्ठीवर गोळ्या मिळतीलच, याची खात्री नसे. मग लोकांनी आपल्या बुद्धीने काटकसर सुरू केली. दोन गोळ्यांच्या जागी एक, किंवा रोजच्या ऐवजी दिवसाआड. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णानेही असे करू नयेच, परंतु अपस्मारात या काटकसरीची किंमत काही दिवसांतच आणि फार मोठी मोजावी लागते. एका कंपनीची गोळी संपली म्हणून दुसऱ्या कंपनीची दिली, की तिचा रंग पाहून कित्येक वृद्ध ती तशीच बाजूला ठेवत. त्यांना दोष देता येणार नाही, कारण फिट ताब्यात असलेल्या रुग्णाची कंपनी शक्यतो बदलू नये, असे आम्हीच त्यांना एरवी सांगत असतो.

दूरध्वनीवरून सल्ला घेण्याची सोय झाली, तीही अर्धीच. 25 मार्च 2020 रोजीच टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली, हे योग्य पाऊल होते. परंतु नशेसाठी गैरवापर होऊ शकणारी औषधे फोनवरून लिहून देण्यास त्यांत मनाई होती आणि कायद्याच्या त्याच यादीत फेनोबार्बिटोन, क्लोबाझाम आणि क्लोनाझेपाम ही अपस्मारात सर्रास लागणारी औषधेही बसतात. पुढे या नियमात दुरुस्ती झाली. ती आधीपासून असती, तर पहिल्या आठवड्यांतली लोकांची वणवण टळली असती, आणि असे नियम ठरवताना अपस्माराचे उपचार करणारा एखादा डॉक्टर त्या बैठकीत असायला हवा, एवढाच माझा मुद्दा आहे. (त्याच काळात दारूची दुकाने बंद झाल्याने, सवय एकदम सुटून काही जणांना फिट आल्या. त्या अपस्माराच्या नव्हेत आणि त्यांचे उपचारही वेगळे असतात, परंतु त्या ओळखण्याची तयारीही साथीच्या आराखड्यात असायला हरकत नाही.)

औषधांची आपसात होणारी गाठभेट हा माझ्या व्यवसायातला विषय असल्याने त्यावर थोडे अधिक लिहिते. फेनिटोइन, कार्बामॅझेपिन आणि फेनोबार्बिटोन ही जुनी व तुलनेने स्वस्त औषधे यकृताचे काम अशा रीतीने वाढवतात, की इतर अनेक औषधे शरीरातून लवकर निघून जातात. गंभीर करोनात दिले जाणारे डेक्सामेथासोन त्यांपैकीच एक आहे. करोनावरच्या ज्या गोळ्यांत रिटोनाविर असते, त्या तर या तिन्ही औषधांबरोबर देऊच नयेत, असा इशारा आहे. अशा वेळी फिटची गोळी चार दिवस बंद ठेवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो दुहेरी चुकीचा ठरतो, कारण यकृतावरचा परिणाम चार दिवसांत ओसरत नाही आणि फिट मात्र उसळू शकते. पर्यायी औषध निवडणे हाच तिथे मार्ग असतो. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. परंतु गुंगी आणणारी काही खोकल्याची औषधे, ट्रामाडोलसारखे वेदनाशामक आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातील प्रतिजैविके फिटला निमंत्रण देऊ शकतात. करोनाच्या काळात चिठ्ठीशिवाय 'किट' म्हणून काय काय वाटले गेले, हे आठवले की काळजी वाटते.

सर्वांत कमी चर्चा झाली ती विलगीकरणाच्या खोलीची. आजारी माणसाला वेगळ्या खोलीत ठेवायचे, दार लावून घ्यायचे आणि जेवणाचे ताट उंबऱ्याशी ठेवायचे, ही पद्धत इतरांसाठी ठीक होती. फिट येणाऱ्या माणसाला मात्र ती घातक ठरू शकते. आतून कडी लावलेल्या खोलीत किंवा न्हाणीघरात फिट आली, तर दार तोडेपर्यंत वेळ निघून जातो. अशा रुग्णाने कडी लावू नये, दारावर केवळ पडदा किंवा पाटी असावी, अंथरूण जमिनीवर किंवा अगदी ठेंगण्या खाटेवर असावे, अंघोळ बसून तांब्याने करावी आणि हाकेच्या अंतरावर मास्क लावलेले कोणीतरी असावे. केवळ फोन जवळ असून भागत नाही, कारण फिटमध्ये फोन उचलता येत नाही. संस्थात्मक विलगीकरण केंद्रांत अडचण आणखी वेगळी होती. माणसाला रुग्णवाहिकेतून घाईघाईने नेले जाई आणि त्याच्या रोजच्या गोळ्या घरच्या फळीवरच राहून जात. त्याला फिट येतात का, हे नोंदणीच्या वेळी कोणी विचारत नसे आणि त्यानेही आपण होऊन सांगितलेले नसे.

साथीच्या काळात प्रथमोपचारही थोडे बदलतात. रुग्णाच्या तोंडावरचा मास्क आधी काढावा, मदत करणाऱ्याने मात्र स्वतःचा नीट लावलेला ठेवावा. रुग्णाला हळूच कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवावे, हातपाय दाबून धरू नयेत, तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये आणि भोवतालची गर्दी हटवावी. घड्याळ पाहावे. फिट पाच मिनिटांहून अधिक चालली, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी आली, तर 108 क्रमांकावर फोन करावा. नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा डॉक्टरांनी लिहून दिला असेल आणि घरच्यांना तो वापरायला शिकवलेला असेल, तर रुग्णवाहिका येईपर्यंत त्याचा मोठा आधार होतो. विलगीकरण केंद्रातील परिचारिकेच्या टेबलावर तो असायलाच हवा.

लशीबाबतही बराच गोंधळ झाला. केवळ अपस्मार आहे, या कारणाने करोनाची लस टाळण्याची गरज नव्हती. लशीनंतर येणाऱ्या तापाची दखल घेऊन गोळ्या नियमित चालू ठेवणे, एवढेच पुरेसे होते. तरीही 'फिट येतात ना, मग नको' असे सांगून केंद्रावरून परत पाठवलेले लोक मला भेटले आहेत.

आता मागणी. साथ किंवा संचारबंदी जाहीर होताच प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंतच्या प्रत्येक औषध खिडकीवरून अपस्माराच्या जुन्या रुग्णाला एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या जुन्याच केस पेपरवर देता याव्यात, असे परिपत्रक सार्वजनिक आरोग्य विभागाने आताच काढून ठेवावे आणि त्या हिशेबाने औषधांचा साठाही राखावा. विलगीकरणाच्या नोंदणी अर्जात 'फिट येतात का, कोणत्या गोळ्या चालू आहेत' ही ओळ असावी. ज्यांना चालत येणे जमत नाही, त्यांच्या गोळ्या आशा सेविकांनी घरपोच कराव्यात.

यावर असा आक्षेप येईल, की आशा सेविकेला घरपोच गोळ्या द्यायच्या, तर गावातील अपस्माराच्या रुग्णांची यादी लागेल आणि लोक नाव देणार नाहीत. आक्षेप खरा आहे. लग्नाच्या मुलीला फिट येतात, हे घरातल्या घरात ठेवले जाते आणि ज्या राज्याने मार्च 2020 मध्ये विलगीकरणातील लोकांच्या हातावर शिक्के मारले, त्या राज्यात नाव नोंदवायला लोक कचरले तर नवल नाही. म्हणूनच ही यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर, व्हॉट्सॲपच्या गटात किंवा दारावरच्या पाटीवर कधीही जाऊ नये, ती फक्त वैद्यकीय अधिकारी आणि संबंधित आशा सेविका यांच्याकडेच राहावी, पाकिटावर रोगाचे नाव न लिहिता गोळ्या द्याव्यात आणि ज्यांना नावच नोंदवायचे नसेल, त्यांना केस पेपर दाखवून खिडकीवरून तेवढ्याच गोळ्या मिळण्याची मुभा त्याच परिपत्रकात स्पष्ट लिहिलेली असावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी,
जि. सातारा