बाबांच्या ऑपरेशनआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आई मधेच रडते, बाबा ‘बरं बरं’ करून ठेवून देतात, म्हणून लिहिते. बाबांच्या मानेतल्या रक्तवाहिनीला लावायचा पॅच, म्हणजे पट्टी, कुठली, ते मी डॉक्टरांना सांगून टाकलंय. सही बाबांचीच, पण त्याआधी हे वाचा.

मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिडमधला चरबीचा थर काढल्यावर रक्तवाहिनी नुसतीच शिवली तर शिवणीपाशी आवळते आणि पुन्हा तुंबायची भीती वाढते. म्हणून मधे लांबट पट्टी बसवतात. आई, तू काखेत कळी लावतेस ना, तशीच. मात्र पट्टी अरुंद हवी. रुंद झाली की फुगवटा येतो आणि तिथं रक्त साकळतं.

पट्टी कशाची, तर पायातली शीर घरचीच, जंतूंचं भय कमी. पण घोट्याजवळची पातळ असते, फाटू शकते, म्हणून मांडीतली घ्यावी लागते. बाबांची साखर बघता तिथली जखम चिघळली तर? शिवाय उद्या बायपास करायची वेळ आली तर हीच शीर लागेल. डेक्रॉन म्हणजे पॉलिस्टर. बाबा, तुमच्या मागावरच्यासारखं नाही, होजिअरीसारखं विणलेलं. त्यात जंतू शिरले तर बहुतेक वेळा काढूनच टाकावं लागतं. पीटीएफई म्हणजे टेफ्लॉनचा प्रकार, त्याला सुईच्या भोकांतून रक्त बराच वेळ झिरपतं.

मी निवडलंय ते पेरिकार्डियम. मऊ असतं, कडेचे धागे सुटत नाहीत, टाक्यांतून झिरपणं कमी. औषधात टिकवलेलं असतं, लावण्याआधी सलाईनमध्ये खळखळून धुतात.

आई, ते गोवंशाच्या हृदयावरचं आवरण असतं. तुझ्यापासून लपवणार नाही. डेक्रॉन घेऊनही सुटका नाही, त्याची छिद्रं बुजवायला बऱ्याचदा प्राण्यांचंच कोलॅजन नाहीतर जिलेटिन लावतात. पक्षाघात टाळण्यात एक पॅच बाकीच्यांना सपशेल हरवतो असंही नाही. त्यामुळे मन घेतच नसेल तर पीटीएफई करू, रक्त थांबवायला थोडा वेळ जास्त जाईल इतकंच. रागवायचं तर माझ्यावर रागव.

बाबा, गड्ड्याच्या जत्रेत तुमच्या खांद्यावर बसून मी हीच मान गच्च धरायचे.

आता ऐका. अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. साखरेच्या गोळ्यांचं भूलतज्ज्ञांना विचारायचं. बिडी आजपासून बंद, कट्ट्यावरचीसुद्धा. ऑपरेशननंतर मान फुगली, श्वास अडकला किंवा डोकं ठणकू लागलं तर ‘जरा बघू’ नको, लगेच सिस्टरला हाक मारायची. कानाखाली बधिर वाटेल, आवाज थोडा घोगरा होईल. त्याला घाबरू नका, पण डॉक्टरांच्या कानावर घाला.

कडक भाकरी काही दिवस नाही. आई मऊ भात करेल, शेंगाचटणी चिमूटभरच, मिठामुळे. घरची चादर आणि ती चपटी उशी मी पिशवीत भरेन.

शनिवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसने येते. स्टेशनवर यायचं नाही, रिक्षा करीन.

तुमची,
बेबी