बचत खाते बंद करताना एवढे पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘जास्त बचत खाती असली की सिबिल (म्हणजे कर्ज देताना बँका पाहतात तो पतगुणांक) घसरतो, म्हणून जुनी खाती बंद करा’ असा सल्ला हल्ली कोणीही देतो. एका बँकेच्या काउंटरवर मी आयुष्य काढले, म्हणून सांगतो, बचत खात्याचा सिबिलशी थेट संबंध नाही. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या असे गुण देणाऱ्या चारही कंपन्यांकडे नोंद जाते ती कर्जाची, क्रेडिट कार्डाची, ओव्हरड्राफ्टची (खात्यात शिल्लक नसताना बँकेकडून केलेल्या उचलीची). शिल्लक किती आणि पासबुके किती, याची नाही. त्यामुळे साधे खाते बंद केल्याने गुण वाढतही नाहीत आणि कमीही होत नाहीत.

गोम आहे ती खात्याला चिकटलेल्या गोष्टींत. माझ्या भाच्याने तीन नोकऱ्या बदलल्या, प्रत्येक ठिकाणी नवे पगार खाते. पहिल्या खात्यावर ओव्हरड्राफ्टची सोय होती. अडीनडीला थोडे पैसे उचलले, परतही केले, पण शेवटच्या महिन्याचे व्याज राहून गेले. रक्कम दोनशेच्या आसपास! मोबाइल नंबर बदललेला, संदेश जुन्याच नंबरवर. यंदा गृहकर्जाचा अर्ज केला तेव्हा सिबिलच्या अहवालात ‘थकीत’ असा शेरा. “मामा, ते खातं तर केव्हाच बंद पडलंय,” हे त्याचे उत्तर. बंद पडणे आणि बंद करणे यांतला फरक त्याला कोणी सांगितलाच नव्हता.

दोन वर्षे व्यवहार नसला की खाते निष्क्रिय होते, एवढेच. १ एप्रिल २०२४ पासून अशा खात्यावर किमान शिल्लक नसल्याचा दंड लावता येत नाही. दहा वर्षे कोणी फिरकले नाही तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, ते मागून परत मिळवता येतात. उधारीला मात्र असा विसावा नाही, तिच्यावर व्याज चढतच राहते.

कार्डाचे गणित आणखी वेगळे. एक लाख आणि पन्नास हजार मर्यादेची दोन कार्डे असलेला माणूस महिन्याला चाळीस हजार खर्चत असेल, तर एकूण मर्यादेचा वापर सुमारे २७ टक्के. मोठे कार्ड परत केले की तोच खर्च ८० टक्के दिसतो, आणि वापर जास्त दिसला की गुण घसरतात. कर्ज घ्यायच्या तोंडावर हा उद्योग करू नये. पगार खातेही त्याच सुमारास बंद करू नये, कारण कर्ज देणारा मागच्या काही महिन्यांचा उतारा मागतोच. आणि हप्ता ज्या खात्यातून कापला जातो ते बंद करायचे असेल, तर नव्या खात्यातून एक हप्ता नीट गेल्यावरच.

खाते बंद करायच्या अर्जाबरोबर चेकबुक आणि डेबिट कार्ड मागतात. ओव्हरड्राफ्ट आहे का, हप्ता कुठून जातो, हे कोणी विचारत नाही. खोटे कशाला बोलू, मीही शिक्का मारून कागद पुढे सरकवत असे. क्रेडिट कार्ड बंद करण्याचा अर्ज आला आणि थकबाकी नसली, तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तसाच धाक पगार खात्यावरच्या ओव्हरड्राफ्टलाही हवा. पगार येणे थांबले की बँकेने ग्राहकाला लेखी कळवावे : एवढे व्याज बाकी, एवढे हप्ते जोडलेले.

भाच्याने पैसे भरले, ‘काही बाकी नाही’ असे पत्रही घेतले. अहवालातला शेरा अजून तसाच आहे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, पुणे