वाईच्या आळ्या आहेत तिथेच आहेत

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आता वाईत आमच्या ओळखीचं काय उरलं असणार!" त्यावर फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. नोकरीनिमित्त इथे आल्यापासून संध्याकाळी आळ्यांमधून चालायचं असा नेमच झालाय. बघते ते सगळं तुम्हां दोघांना सांगावंसं वाटतं.

तर आधी चांगलं ते. रस्ते आहेत तसे आहेत. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, सगळ्या आपापल्या घाटाकडे उतरतात त्या तशाच. तुम्ही दोघं आज आलात तर कुणाला न विचारता नदीवर पोचाल. वळणंसुद्धा हलली नाहीत, आणि त्याचं कारण साधं आहे. वाडा पाडायचा तर त्या घरच्यांनी ठरवलं की झालं. वळण सरळ करायचं तर दोन्ही बाजूंच्या सगळ्या मालकांनी जागा सोडायला हवी, आणि ती कोण सोडतो? म्हणून जुना वाडा जातो, पण सिटी सर्व्हेच्या नकाशातली त्याची हद्द राहते, आणि नवी इमारतही तितकीच अरुंद आणि आत लांबच लांब उभी राहते. मला तर त्या इमारतींकडे बघून आत कुठे चौक असेल, कुठे परसू, ते अजून ओळखता येतं.

आता जे सांगायला जड जातंय ते. मधल्या आळीतला आपला वाडा, जिथे आपल्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या तो, नाही राहिला. तिथे तीन मजले झालेत आणि खाली खांबांवर पार्किंग आहे. आई, तुला वाईट वाटेल हे माहीत आहे, पण कुणीतरी परक्याने सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

मालकांवर मात्र राग धरू नका. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी जणू गोठली, ती पुढची पन्नास वर्षं. नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, तोवर कौलं चाळायला लागणारा पैसासुद्धा भाड्यातून निघत नव्हता. त्यात एका वाड्याला दहा-बारा वारस, निम्मे पुण्या-मुंबईला. सगळ्यांच्या सह्या एकत्र येईपर्यंत चार पावसाळे जायचे, आणि मातीच्या भिंतीला चार पावसाळे फार होतात. ज्यांनी हौसेने दुरुस्ती केली त्यांचंही नुकसानच झालं. ब्राह्मणशाही आळीत एक भिंत मी जवळून बघितली. पांढऱ्या मातीची, बाहेरून सिमेंटचा गिलावा. माती ओल घेते आणि ती सुकून बाहेर पडावी लागते, चुन्याच्या गिलाव्यातून ती पडते. सिमेंटने वाट बंद केली, ओल आतच राहिली आणि भिंतीत रोवलेलं तुळईचं टोक कुजून गेलं. वरून भिंत नवीकोरी दिसत होती. लाकडात मात्र माझं बोट शिरलं.

अजून एक गोष्ट, जी कुणाच्या लक्षातच येत नाही. रस्ते वर आलेत. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर, त्यावर आणखी एक, असं वर्षानुवर्षं चाललंय. जे थोडे वाडे उभे आहेत त्यांच्या घडीव दगडाच्या जोत्याचा खालचा थर दिसेनासा झालाय. एका दिंडी दरवाजाला पूर्वी चढून जावं लागत असणार, आता रस्त्यावरून सरळ आत पाऊल पडतं. पावसाचं पाणीही तसंच आत येतं. वाडा खचला म्हणून लोक हळहळतात, पण त्याच्या पायाशी रस्ता किती वर आलाय ते कुणी मोजत नाही. मला याचा खरंच संताप येतो, कारण हे टाळता येण्यासारखं होतं.

पण मला विचाराल तर सगळ्यांत मोठं नुकसान ओट्यांचं झालं. कोरीव खांब, छताची लाकडी तक्तपोशी यांबद्दल सगळे बोलतात. ओटा गेल्याचं कुणी म्हणत नाही. ओटा म्हणजे निम्मं घर, निम्मा रस्ता. आई, तू तिथे बसून शेंगा सोलायचीस, जाणारी-येणारी दोन मिनिटं टेकायची, आणि सगळ्या आळीचं वर्तमान तुला घरबसल्या कळायचं. आता तळमजल्याला शटर किंवा पार्किंग. कृष्णाबाईच्या, म्हणजे आपल्या कृष्णा नदीच्या, उत्सवात आळीत गर्दी होते तेव्हा म्हाताऱ्या माणसांना टेकायला प्लास्टिकच्या खुर्च्या आणाव्या लागतात.

तरी नव्या घरांना मी नावं ठेवणार नाही. त्यात राहणाऱ्या बायकांशी बोलले. नळ स्वयंपाकाच्या ओट्याशी, संडास घरात, दोन कुटुंबांत मिळून एक न्हाणी नाही. तू पाण्याच्या कळशा घेऊन तो काळोखा जिना चढायचीस, मग मी कुठल्या तोंडाने म्हणू की तेच बरं होतं?

महागणपतीचं देऊळ आहे तसंच आहे. सरदार रास्त्यांनी १७६२ मध्ये ते बांधताना मागची भिंत माशाच्या आकाराची केली, पुराचं पाणी फुटून दोन्ही अंगांनी जावं म्हणून. आजही धोम धरणातून जास्त पाणी सोडलं की घाटावर पाणी येतं आणि त्या भिंतीपाशी दुभंगून पुढे जातं. बाबा, तुम्हांला आनंद वाटेल, मराठी विश्वकोशाचं कार्यालयही गंगापुरीत आहे. १९७६ साली पहिला खंड निघाला तेव्हा तुम्ही तो बघायला मुद्दाम गेला होतात ना?

आता माझं एक काम करा. आपल्या वाड्याचा नकाशा कुणाकडेच नाही, मी विचारून बघितलं. तुम्ही दोघांनी मिळून तो वहीच्या मोठ्या कागदावर काढा. आड कुठल्या हाताला, जिना कुठे, आपल्या दोन खोल्या किती खणांच्या, भाडेकरू कोण कुठे राहायचे, सगळं. आई, माजघरातल्या कोनाड्यांचं तुलाच जास्त आठवेल. जिथे दोघांचं जमणार नाही तिथे दोन्ही लिहा, पुसू नका. बाबांच्या गुडघ्याला जरा आराम पडला की दिवाळीनंतर मी गाडी घेऊन न्यायला येते. गाडी थेट घाटाच्या तोंडापर्यंत जाते, चालावं लागणार नाही. येताना तो कागद बरोबर आणा.

तुमची लेक