चेंबरचं झाकण उघडून बघ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि सोबतचा हरकतीचा मसुदा, दोन्ही मिळालं. पत्र दोनदा वाचलं, मसुदा चारदा. तुमच्या मागच्या मोकळ्या जागेवर आठशे घरं येणार, हरकतींना महिन्याभराची मुदत, आणि त्यातले दहा दिवस बैठकीत आधी कोण बोलणार यावरच गेले, हे वाचून हसू आलं. तेवढे दिवस कमीच म्हणायचे. आमच्याकडे तीन आठवडे गेले होते.

आधी भांडण उरकून घेतो. मसुद्यातलं तिसरं वाक्य, ‘बाहेरची गर्दी येऊन वस्तीचं वातावरण बिघडेल’, ते खोड. तू तिथे राहायला गेलास तेव्हा जुन्या घरांतली माणसं मोजणीच्या खुंट्या उपटत होती, विसरलास? त्यांच्या लेखी बाहेरची गर्दी म्हणजे तू होतास. दुसरं कारण व्यवहाराचं. हरकती वाचणाऱ्यापुढे गठ्ठा असतो. ‘आम्हाला नको’ म्हणणाऱ्यांचा एक ढीग होतो आणि त्या सगळ्यांना एकच छापील उत्तर जातं. ज्या कागदात आकडा असतो आणि त्यावर प्रश्न असतो, त्याला मात्र बसून उत्तर लिहावं लागतं. टेबलाच्या त्या बाजूला मी बरीच वर्षं काढलीत, म्हणून सांगतो.

आणि घरं हवीतच रे. आपल्याच पोरांना कुठेतरी राहायचंय. घरं किती, यावर भांडत बसू नकोस. क्रमावर भांड. आधी नळी की आधी माणसं, एवढंच विचार.

माझीच फजिती सांगतो, तुला पूर्ण कधी सांगितली नव्हती. जन्मभर सांडपाण्याच्या नळ्यांची गणितं केली, आणि स्वतःचं तळमजल्यावरचं घर घेताना बाहेरच्या चेंबरचं झाकण उघडून पाहिलं नाही. पहिली दोन वर्षं सुखाची गेली. मग वरच्या अंगाला नव्या इमारती उठल्या आणि त्यांची जोडणी आमच्याच लाइनला दिली. सकाळी पावणेआठला मोरीतल्या जाळीतून गुडगुड आवाज यायला लागला. आधी वाटलं, वरच्या मजल्यावर कोणी बादली ओतली असेल. आठवड्याभरात जाळीवर फेस दिसायला लागला, आणि एका सकाळी मी दाढी करत असताना दुसऱ्याच कुणाच्या तरी साबणाचं पाणी माझ्या पायाशी आलं. साडेनऊला सगळं आपसूक ओसरलं. तक्रार केली, माणूस आला, पण तो आला दुपारी बारा वाजता. झाकण उघडलं तर आत बोटभर पाणी संथ वाहत होतं. ‘लाइन रिकामी आहे’ असं लिहून गेला. लिहिलं ते खरंच होतं, त्या वेळेपुरतं.

बांधणाऱ्याच्या ज्या अहवालावर तू हरकत घेतोयस, त्याच्यातही नेमकी हीच खोच आहे. त्यात रोजचं सरासरी सांडपाणी दिलंय आणि त्याच्याशेजारी भरून वाहणाऱ्या नळीची क्षमता मांडलीय. पण माणसं सरासरीने आंघोळ करत नाहीत, सकाळी करतात. त्यासाठी आमच्याकडे हार्मनचं सूत्र वापरतात, १९१८ सालचं, सोपं आहे. लोकसंख्या हजारांत घे, तिचं वर्गमूळ काढ, त्यात ४ मिळव, १४ ला त्याने भाग आणि वर १ मिळव. तुमची आत्ताची वस्ती आणि ही नवी मिळून ९ हजार धरू. वर्गमूळ ३, अधिक ४ म्हणजे ७, चौदाला सातने भागलं की २, वर १. उत्तर ३. म्हणजे गर्दीच्या वेळी सरासरीच्या तिप्पट पाणी. आणि वस्ती जेवढी लहान तेवढा हा गुणाकार मोठा, कारण सगळ्यांचं घड्याळ एकच. हजार माणसांना तो ३.८ येतो, लाखाला २. शिवाय मैल्याची नळी काठोकाठ भरून चालवायची नसतेच, वर हवेला जागा ठेवावी लागते. तेव्हा एकच विचार: सकाळच्या शिखर वेळेला जोडणीच्या खालच्या बाजूची नळी किती भरलेली असेल? सरासरी नको, शिखर हवं. माझी पैज आहे, या प्रश्नाला उत्तर यायला वेळ लागेल.

पाण्याबद्दल तू ‘पाणी पुरणार नाही’ असं लिहिलंयस. त्यावर ‘टाकीत पुरेसा साठा आहे’ असं उत्तर येईल, आणि तेही खोटं नसेल. अडचण बहुतेक वेळा टाकीत नसते, टाकी आणि नळ यांच्यामधल्या लाइनीत असते. समज, टाकीतल्या पाण्याची पातळी तुमच्या अंगणापेक्षा २० मीटर वर आहे. म्हणजे साधारण दोन किलो प्रेशर. आज गर्दीच्या वेळी नळीच्या घर्षणात त्यातले ४ मीटर जातात, उरतात १६, तुझ्या दुसऱ्या मजल्याला धो धो पाणी. आता त्याच नळीतून दुप्पट पाणी न्यायचं ठरलं. घर्षण दुप्पट होत नाही, जवळपास चौपट होतं. १६ मीटर वाटेतच गेले, उरले ४. दुसऱ्या मजल्याचा नळ कोरडा, आणि टाकी मात्र भरलेलीच! उलट नळीचा व्यास दुप्पट केला, तर तेवढंच प्रेशर खर्चून पाच-सहा पट पाणी जातं. म्हणून मोठी नळी खड्डा एकदा खोदलेला असतानाच टाकायची असते. नंतर केलेला, डांबरी झालेला रस्ता फोडून ती टाकायची म्हणजे दुप्पट खर्च आणि वर्षभर शिव्या.

पावसाच्या पाण्याचा तू उल्लेखच केला नाहीस, त्याचं नवल वाटलं. ती जागा तुमच्यापेक्षा उंचावर आहे ना? मग तुमचा खरा शेजारी ते पाणीच. आज तिथे गवत आहे, पडलेल्या पाण्यातलं बरंचसं मुरतं. तासाला ५० मिलिमीटर या वेगाने पाऊस पडला तर एका हेक्टरवर सेकंदाला सुमारे १३९ लिटर पाणी पडतं. गवताळ जमिनीवरून त्यातला पाचवा हिस्सा वाहून आला असं धर, म्हणजे २८ लिटर. छपरं, फरशी आणि डांबर झाल्यावर पाचातले चार हिस्से येतील, म्हणजे १११. पाऊस तोच, जमीन तीच, आणि तुमच्या कुंपणाशी पाणी चौपट, तेही एकदम. त्यामुळे हे पाणी जागेतच अडवणारं तळं किंवा टाकी आराखड्यात कुठे आहे, तिचा निचरा कुठे जातो आणि दहा वर्षांनी तिच्यातला गाळ कोण काढणार, हे विचार. शेवटचा प्रश्न विसरू नकोस. तळं खणायला उत्साह असतो, गाळ काढायला कुणीच नसतं.

रस्त्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर तुमच्याकडे बोलणारे भरपूर असतील. वाहनांची मोजणी कोणत्या तारखेला केली ते बघ. शाळांच्या सुट्टीत केली असेल तर तेवढा एक मुद्दा पुरे. नसेल तर स्वतः मोजा. आणि ‘फक्त पाच टक्के वाढ’ या शब्दांना भुलू नकोस. चौक क्षमतेच्या ८० टक्क्यांवर चालत असेल तर पाच टक्के कुणाला कळतही नाहीत. तोच ९० वर असेल तर पाच टक्क्यांनी तिष्ठणं ढोबळमानाने दुप्पट होतं. शिवाय प्रत्येक प्रकल्प आपले आपले पाच टक्के दाखवतो. शेजारी आणखी दोन आराखडे मंजुरीला असतील तर तिघांची बेरीज कुणी केलीय का, ते विचार. ‘नवा जोडरस्ता देतोय ना’ असं म्हणाले तरी लगेच विरघळू नकोस. डीट्रिश ब्रेस या जर्मन गणितज्ञाने १९६८ साली दाखवून दिलं की जाळ्यात एक रस्ता वाढवल्याने सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो. नेहमी तसं होतं असं नाही, पण गणित मांडल्याशिवाय मानायचं नाही.

शाळेचं वेगळंच असतं. नव्या वस्तीत एकाच वयाची जोडपी एकदम राहायला येतात, पोरंही एकदम शाळेच्या वयात येतात. काही वर्षं वर्गात बसायला जागा नसते आणि पुढे तेच वर्ग ओस पडतात. त्यामुळे इमारतीपेक्षा जागा राखून ठेवा असं मागा. विजेचा ट्रान्सफॉर्मर, अग्निशमनाच्या गाडीला वळायला जागा, हे मुद्दे एकेका ओळीत टाक, पुरतं.

आता क्रमाचं. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकात फ्लशचे संडास आधी आले. गटारं होती ती मुळात पावसाच्या पाण्यासाठी. संडास त्यांनाच जोडले गेले आणि सगळं थेम्स नदीत जायला लागलं, जिचं पाणी लोक पीतही होते. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीला असा वास सुटला की पार्लमेंटच्या पडद्यांना चुन्याचं क्लोराइड लावून बसायची पाळी आली. तेव्हा कुठे कायदा झाला आणि अभियंते जोसेफ बॅझलजेट यांच्या भुयारी गटारांचं काम मार्गी लागलं. वास खासदारांच्या नाकापर्यंत पोचायला हवा, हे काही आजचं नाही.

पण तुला उपयोगी पडेल अशी गोष्ट स्कॉटलंडची आहे. तिथे १९८० च्या दशकात अ‍ॅबर्डीनजवळच्या शेतजमिनीवर उद्योग उभारायचा प्रस्ताव आला. त्यामुळे एका रस्त्याच्या तोंडाशी अपघाताचा धोका वाढणार होता. रस्ता बंद केला तर धोका टळत होता, पण तो बंद करणं अर्जदाराच्या हातात नव्हतं, आणि जे त्याच्या हातात नाही त्याची अट त्याला घालायची कशी, असा पेच. शेवटी हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिकडच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, वाट काढली: ‘रस्ता बंद कर’ असं सांगू नका, ‘रस्ता बंद झाल्याशिवाय काम सुरू करायचं नाही’ असं सांगा. त्या खटल्यातल्या ग्रॅम्पियन प्रादेशिक परिषदेच्या नावावरून तिकडे अशा अटीला अजून ‘ग्रॅम्पियन अट’ म्हणतात. बघ, किती साधी उलटापालट आहे. ‘मलवाहिनी मोठी करू’ हे आश्वासन झालं. ‘मलवाहिनी मोठी होऊन वापरात येईपर्यंत एकाही घरात राहायला जाता येणार नाही’ ही अट झाली. पहिल्याची आठवण तुम्हाला करून द्यावी लागते. दुसऱ्याची आठवण बांधणाऱ्याला स्वतःलाच राहते.

याची दुसरी बाजूही सांगून ठेवतो, नाहीतर बैठकीत कुणी विचारलं तर फसशील. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने १९८५ साली हाच नियम सरसकट केला: रस्ते, पाणी, मलवाहिन्या घरांच्या बरोबरीने तयार नसतील तर परवानगी नाही. झालं असं की शहरातले रस्ते आधीच भरलेले, म्हणून बांधकाम दूरच्या मोकळ्या रस्त्यांकडे पळायला लागलं. वस्ती पसरली, गाड्या आणखी वाढल्या. २०११ मध्ये राज्याने रस्ते, शाळा आणि उद्यानं यांची सक्ती काढली, पाणी, मलनिस्सारण, पावसाचा निचरा आणि कचरा यांची मात्र ठेवली. मला ही वाटणी पटते. रस्त्यावर कोंडी झाली तर माणूस वैतागतो, वेळ बदलतो, चालत जातो. मोरीतून वर येणाऱ्या पाण्याला दुसरी वेळ देता येत नाही.

तेव्हा मसुदा नव्याने लिही. दोन पानांपेक्षा जास्त नको. नळी, प्रेशर, पावसाचं पाणी, या तिघांवर नीट लिही आणि प्रत्येकाखाली ‘अमुक झाल्याशिवाय राहायला जाता येणार नाही’ अशी अट स्वतःच शब्दांत मांडून दे. मजकूर तयार मिळाला की तो उचलायला सोपा जातो, लिहिणारा तिकडेही माणूसच आहे. सगळ्यांच्या सह्या एकाच कागदावर घेऊ नका. प्रत्येकाने आपापल्या घरचं लिहावं. कोपऱ्यातल्या त्या आजींच्या अंगणात मागच्या पावसात कुठवर पाणी आलं होतं, भिंतीवर खूण असेल, तिचा फोटो लाव. माझ्या दहा सूत्रांपेक्षा ती खूण बोलकी आहे.

आता तुझं काम. या आठवड्यात शाळा चालू असतानाच्या दिवशी सकाळी सात ते साडेनऊ तुमच्या सगळ्यात सखल कोपऱ्यातलं चेंबर एखाद्या जाणकार कामगाराकडून उघडून घे. आत उतरायचं नाही, डोकंही घालायचं नाही, विषारी वायू असतो. वरूनच काठी सोडून दर पंधरा मिनिटांनी ओल कुठवर आली ते मोज आणि वहीत मांड. नळीचा व्यास आणि झाकणापासून तळापर्यंतची खोली, दोन्ही हवं. त्याच्या वरच्या आणि खालच्या चेंबरचीही खोली घे, आणि मधलं अंतर पावलांनी मोजलंस तरी चालेल. झाकणं एका पातळीत नसतील तर चढउतार किती तेही लिही. तेवढं पाठवलंस की उताराचं गणित मी दोन दिवसांत करून देतो.

वहिनींना नमस्कार. पाठ कशी आहे तुझी? ते झाकण तू उचलू नकोस.

तुझाच,
तळमजल्यावरचा