हेप्टनस्टॉलच्या आजींना

प्रिय आजी,

तुम्हांला मराठी येत नाही, माझी मुलगी हे पत्र इंग्रजीतून वाचून दाखवील. पण आभार मानायला मला माझीच भाषा हवी होती.

यॉर्कशरमधला तो माझा पहिला नोव्हेंबर. पाऊस चुकवायला चॅपलच्या दारात उभी होते. तुम्ही कुलूप काढलंत, हातात चहा दिलात आणि म्हणालात, "भिंती मोज बघू." आठ निघाल्या! १७६४ साली या भिंती पुऱ्या व्हायच्या आतच मेथडिस्ट पंथ सुरू करणारे जॉन वेस्ली इथं प्रवचन देऊन गेले, हे तुमच्याच तोंडून ऐकलं. त्यानंतरचे किती शनिवार तुम्ही मला दिलेत!

तोवर चर्च आणि चॅपल मला एकच वाटायचं. फरक तुम्ही समजावलात. जुन्या पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, सीमा शेतीच्या काळातल्या. विणकरांच्या, खाणकामगारांच्या वस्त्या मात्र भलतीकडेच वाढल्या. चर्च लांब, आणि तिथं आपलं असं कुणी नाही. मग लोकांनी कोठारात, कुणाच्या स्वयंपाकघरात जमायला सुरुवात केली आणि हळूहळू स्वतःची चॅपलं बांधली.

तुम्ही सांगितलेली ब्रिस्टलची गोष्ट मी कितीजणांना ऐकवली असेल. तिथल्या सभागृहावर कर्ज होतं. १७४२मध्ये ठरलं, प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यायची. बारा-बारा जणांचे गट केले, एकानं घरोघर जाऊन पैसे गोळा करायचे. दारात गेल्यावर पैशांबरोबर घरातलं दुखणं-खुपणंही कळू लागलं, आणि वसुलीच्या त्या फेरीतून मेथडिस्टांचे 'क्लास' उभे राहिले. मी म्हटलं, याला आम्ही वर्गणी म्हणतो. तुम्ही तो शब्द तीनदा म्हणून पाहिलात.

एकाच गल्लीत दोन चॅपलं कशाला, असं मी जरा वैतागूनच विचारलं होतं. तुम्ही माउ कॉपच्या टेकडीवर १८०७ साली भरलेल्या उघड्या माळावरच्या सभेपासून सुरुवात केलीत. वेस्लीच्या वारसदारांना असल्या सभा नको होत्या. अशा सभा घेणाऱ्या ह्यू बोर्न आणि विल्यम क्लोज यांना पंथाबाहेर काढलं गेलं आणि प्रिमिटिव्ह मेथडिस्टांनी आपली वेगळी चॅपलं बांधली. १९३२मध्ये बहुतेक सगळे मेथडिस्ट एक झाले, तेव्हा गावोगाव एक इमारत जास्तीची ठरली. आता कुणात घर आहे, कुणात दुकान.

दर्शनी भिंतीवरचा, चॅपलचं नाव आणि साल कोरलेला दगड वाचायला तुम्ही शिकवलंत. आणि आत उभं राहून बोलणारा बहुतेक वेळा गिरणीतला, खाणीतला, शेतावरचा माणूस असायचा, हेही. १८३४मध्ये मजुरांची संघटना केली म्हणून टॉलपडल गावातल्या ज्या सहाजणांना काळ्या पाण्यावर धाडलं, त्यांचा म्होरक्या जॉर्ज लव्हलेस असाच प्रवचनकार होता. परक्या देशात मला पहिल्यांदा आपली वाटली ती ही माणसं. तुमच्यामुळे.

तुमचा गुडघा दुखतो, म्हणून हल्ली मी एकटीच फिरते. काल एका गॅरेजवर तसा दगड दिसला. 'प्रिमिटिव्ह' एवढं लागलं, साल वेलीखाली आहे. वेल मी हलवलेली नाही. तुम्ही चालू लागलात की दोघी मिळून बघू.

तुमची,
शनिवारची सोबतीण