खड्याच्या पावतीवर त्याचे रासायनिक नाव हवे : ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

मा. ग्राहक व्यवहार मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

हिऱ्यासारखा दिसणारा खडा विकताना पावतीवर अनेकदा ‘कृत्रिम हिरा’ एवढाच उल्लेख असतो, आणि त्याआड तीन अगदी भिन्न पदार्थ विकले जातात. पावतीवर खड्याचे रासायनिक नाव लिहिणे विक्रेत्यांना बंधनकारक करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रयोगशाळेत तयार झालेला हिरा, मग तो प्रचंड दाब आणि उष्णता देऊन घडवलेला असो वा वायूतून थरावर थर चढवून वाढवलेला, मूलतः कार्बनच असतो आणि खाणीतल्या हिऱ्याइतकाच कठीण असतो. त्याला नकली ठरवणे अन्यायाचे आहे. क्युबिक झिरकोनिया म्हणजे मात्र झिरकोनियम डायऑक्साइड. थंड होतानाही त्याची घनीय स्फटिकरचना टिकावी म्हणून त्यात यट्रियमचे किंवा कॅल्शियमचे ऑक्साइड मिसळतात. कठिणता मोजणाऱ्या मोह्स मापनश्रेणीवर (हिरा १०) त्याची कठिणता ८ ते ८.५ असल्याने वापरात त्याच्या पैलूंच्या कडा हळूहळू झिजतात. मॉइसनाइट हे सिलिकॉन कार्बाइड असून त्याची कठिणता सुमारे ९.२५ आहे.

फसगतीची खरी जागा वजनात आहे. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम; हिऱ्याची घनता दर घन सेंटिमीटरला ३.५२ ग्रॅम, तर क्युबिक झिरकोनियाची ५.६ ते ६. त्यामुळे कॅरटच्या हिशेबाने झिरकोनिया घेणाऱ्याच्या हाती तेवढ्याच वजनाच्या हिऱ्यापेक्षा स्पष्टपणे लहान खडा येतो. म्हणून वजनासोबत मिलिमीटरमधील मापही पावतीवर असावे.

तपासणीचा प्रश्न याहून नाजूक आहे. केवळ उष्णतावहन मोजणाऱ्या पेनासारख्या यंत्रावर झिरकोनिया लगेच उघडा पडतो, पण मॉइसनाइट उष्णतेचा उत्तम वाहक असल्याने हिरा म्हणून सहज खपून जातो. वास्तविक दहापट भिंगातून वरच्या पैलूंमधून किंचित तिरके पाहिले, तर मॉइसनाइटच्या मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, कारण त्यात प्रकाशकिरण दुभंगतो. हिऱ्यात किंवा झिरकोनियात तसे होत नाही. मॉइसनाइटचे रंगीत तेजही हिऱ्याच्या दुपटीहून अधिक असते (अपस्करण, म्हणजे प्रकाशाचे रंगांत विभागणे, ०.१०४; हिऱ्याचे ०.०४४), आणि सरावलेल्या डोळ्याला ते चटकन जाणवते. तेव्हा केवळ उष्णतेच्या यंत्राचा निकाल ‘अस्सल हिरा’ या दाव्याचा पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये आणि भिंगाखालची तपासणी ग्राहकासमोर करून दाखवणे विक्रेत्यावर बंधनकारक असावे, अशी तरतूद नियमांत करावी.

कळावे,
आपला विश्वासू,
एक रत्नपरीक्षक